मेळावा : २,४४,००० किलोमीटर

६ जानेवारी

भावास,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते. मी विचारत नाही, कारण तू ‘बरा आहे’ एवढंच लिहिशील आणि त्यातून मला काही कळणार नाही. फोन केला नाही, कारण वर्कशॉपच्या आवाजाने तुझे कान गेले असं ऐकलं. पत्रात ओरडावं लागत नाही. आणि खरंच सांगायचं तर, फोनवर तुझा आवाज आला असता तर मी तो ठेवून दिला असता.

काम गाडीचं आहे. तू एकेचाळीस वर्षं गिअरबॉक्स उघडून बसलेला माणूस, म्हणून विचारते. दुसरं काही समजू नकोस.

ह्यांची गाडी तुला आठवत असेल. राखाडी, ऑटोमॅटिक. हे जाऊन आठ महिने झाले. त्या दिवशी तू आला होतास ते मी पाहिलं. फाटकाशी उभा राहिलास आणि आत न येता गेलास. असो. आता गाडी मी चालवते. बांधणीला आलेली पुस्तकं आणायची, झालेली पोचवायची, यात दिवसाला चाळीसेक किलोमीटर होतात. मीटरवर आज दोन लाख शहाऐंशी हजार आहेत.

सकाळी गाडी गार असते तेव्हा दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ती अडखळते. इंजिन ओरडतं, गाडी जरा विचार करते, आणि मग पाठीत थाप बसल्यासारखी पुढे जाते. गरम झाली की शहाण्यासारखी वागते. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने विचारलं, गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं? मी म्हटलं, कधीच नाही. हे गाडी कुणा गॅरेजवाल्याच्या हाती देत नसत, चाकात हवासुद्धा स्वतः भरत. त्यावर त्याने हात मागे घेतला. म्हणाला, “मग आता नका बदलू, बाई. एवढ्या चाललेल्या गाडीत नवं तेल घातलं की जुना मळ सुटतो आणि चार दिवसांत गिअरबॉक्स बसतो. हात लावला नाही तर चालेल.”

हात लावला नाही तर चालेल. हेच वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी, आईच्या वेळी, तुझ्या तोंडून ऐकलं होतं. किल्ली घेतली आणि घरी आले.

तर सांग, बदलू की नको? ह्यांचं बाकी सगळं घरात जागच्या जागी ठेवलेलं आहे. चालतंफिरतं एवढंच उरलंय. ते माझ्या हातून जायला नको.

ताई


१४ जानेवारी

ताईस,

पत्र मिळालं. पाकीट कात्रीने उघडलं. एरवी मी फाडतो.

आधी तुझ्या गॅरेजवाल्याचं. तो खोटं बोलत नाही. त्याने तसं घडताना पाहिलेलं असणार, मीही पाहिलंय. पण त्याला गोष्ट अर्धीच दिसली. होतं काय, की लोक गिअरबॉक्सकडे वर्षानुवर्षं बघत नाहीत. मग एक दिवस गिअर घसरायला लागतो, तेव्हा धावत येतात आणि म्हणतात, तेल बदला. आपण बदलतो. चौथ्या दिवशी तो बसतो. आणि गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणतं, तुम्ही हात लावलात म्हणून गेला. मी प्रत्येकाला सांगत आलोय की बाबा रे, तो आधीच चालला होता. चालला होता म्हणूनच तर तू त्याला माझ्याकडे आणलंस. तेलाने कुणी मरत नाही.

तुझी गाडी त्यातली नाही. तिचं तेल बदलायला हवं. फक्त मशीन लावून सगळं तेल एका दमात उपसून धुवायचं नाही. कुणी ‘फ्लशिंग करून देतो’ म्हणालं तर सरळ गाडी काढून घरी ये. खालचा बोल्ट उघडून निघेल तेवढंच काढायचं, ते निम्म्याहून जरा कमी निघतं. जेवढं निघालं तेवढंच नवं घालायचं. मग पंधराशे किलोमीटर चालवायची आणि पुन्हा तसंच करायचं. जुन्यात नवं मुरू द्यायचं. म्हाताऱ्या गाडीला एकदम धक्का द्यायचा नसतो.

तरी एक खात्री करू. गाडी गरम असताना गिअरबॉक्सची डिपस्टिक काढ आणि तिच्या टोकाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर पाड. वास घे. वाळल्यावर तो कागद पाठव. थेंब कसा पसरतो त्यावरून मला कळतं.

बरा आहे.

तुझा भाऊ


२२ जानेवारी

भावास,

कागद सोबत आहे. माझ्याकडचा सगळ्यात चांगला कागद घेतला, चामडी बांधणीच्या पुस्तकांना आत लावतो तो. वास घेतला. जळका नाही, जुन्या शिवणयंत्रासारखा आहे. रंग चहाचा, पण तांबूस छटा शिल्लक आहे.

‘तुझी गाडी त्यातली नाही’ असं तू एवढ्या खात्रीने कसं लिहिलंस? मी तर लिहिलं होतं की तेल कधीच बदललेलं नाही. ह्यांची वही गाडीच्या खणात असते, ती सगळी वाचून काढली. वजनकाट्यांचे तपासनीस होते ना, त्यामुळे काहीही घडलं की नोंद. हवा भरली. काच पुसली. वायपर बदलला. एके ठिकाणी तर ‘सीटखाली पाल निघाली, सोडून दिली’ असंही आहे. इंजिनाच्या तेलाच्या नोंदी आहेत, गिअरबॉक्सच्या तेलाची एकही नाही.

वाचताना हसू येत होतं. त्या काटेवाल्यांच्या मेळाव्याचीसुद्धा नोंद केलीय. तुला ठाऊक नसेल, दर तीनचार वर्षांनी ह्यांचा जुन्या सहकाऱ्यांचा मेळावा असायचा, दोन दिवस जायचे. पाच म्हातारे एकमेकांना वजनं दाखवत बसत असतील, मी म्हणायचे. पण परत यायचे ते इतके खुशीत, की आठवडाभर न सांगता माझी सगळी कामं करायचे. अशा तीन नोंदी आहेत. ‘मेळावा, १,६२,०००’, ‘मेळावा, २,०३,०००’, ‘मेळावा, २,४४,०००’. मेळाव्याला किती माणसं आली ते नाही, मीटर किती होता ते मात्र आहे. असा माणूस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बोल्ट उघडायचा एवढंच करायचं आहे, हे कळतं. पण गॅरेजपर्यंत जाते आणि परत येते. एकदा हात लावून पाहिलाय मी. पुन्हा धीर होत नाही.

ताई


३० जानेवारी

ताईस,

कोण म्हणालं होतं तुला चांगला कागद घे? तो इतका घट्ट आहे की थेंब आहे तिथेच बसलाय, सिनेमाच्या तिकिटावरच्या शिक्क्यासारखा. मला साधा, शाई पिणारा कागद हवा होता. लहानपणी चित्राच्या वहीला तू बायंडिंग केलंस आणि मग ती उघडेना, त्यातलाच प्रकार. तुझी भावजय कागद बघून म्हणाली, फ्रेम करून लावू या.

तरी जेवढं दिसतं त्यावरून तेल बरं आहे. नुसतं थकलंय. बेचाळीस हजार म्हणजे काही कमी नाही, एवढ्यात ते थकायचंच. बदल. न घाबरता बदल.

एक सांभाळ. गिअरबॉक्सच्या बुडाशी एक पसरट पातेलं असतं, आम्ही त्याला चेंबर म्हणतो. ते खोलू देऊ नकोस. फक्त बोल्ट उघडायचा, तेल गळू द्यायचं, बोल्ट लावायचा. चेंबरला हात लावायची काही गरज नाही.

गुडघ्याला शेक घेत जा. गाडीत चढताना डावा पाय आधी टाक.

तुझा भाऊ


९ फेब्रुवारी

भावास,

शाई पिणारा कागद पाठवला आहे. आता माझे दोन प्रश्न.

गाडी दोन लाख शहाऐंशी हजार चालली आहे. तू लिहितोस बेचाळीस. हा आकडा कुठून आला? आणि माझा गुडघा दुखतो हे तुला कुणी सांगितलं? मी तर लिहिलं नव्हतं.

तिसरा प्रश्न विचारायचा नाही असं ठरवून चार दिवस काढले. आता विचारते. तू लिहिलंस, ‘तो आधीच चालला होता, चालला होता म्हणूनच तर आणलंस, तेलाने कुणी मरत नाही.’ प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगत आलास म्हणतोस. मग मला काय सांगितलंस? आई तुझ्याकडे होती. दोन पायऱ्या चढली की खाली बसायची. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन केलं तर कदाचित, नाही केलं तर काही महिने. तू म्हणालास, हात लावू नका, आहे तसं चालू दे. मी तिला नेलं. ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी ती गेली. आणि दवाखान्याच्या त्या हिरव्या बाकाशी उभा राहून तू मला म्हणालास, “तू हात लावला नसतास तर ती चालली असती.”

त्या दिवसापासून कुठल्याही जुन्या गोष्टीला हात लावण्याआधी मी तो दोनदा मागे घेते. पुस्तकं बांधते ती सवयीने. ह्यांच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी सही मागितली तेव्हा मी शेजारणीला म्हटलं, तुम्हीच वाचा आणि सांगा.

गाडी मी विकायचं ठरवत होते. माझ्या हातून बंद पडण्यापेक्षा दुसऱ्याच्या हातात चालती असलेली बरी.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

गाडी विकू नकोस.

थेंब पाहिला. मधला ठिपका काळा नाही, कडा तांबूस आहे, कण नाहीत. गाडी वीसेक मिनिटं चालवून तेल कोमट करून घे, मग बोल्ट उघडायला सांग. निघालेलं तेल मापून घ्यायचं. भाऊजी असते तर त्यांनी दोनदा मापलं असतं. नवं घातल्यावर इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून, गिअरचा दांडा सगळ्या जागी एकेकदा नेऊन आणायचा. पातळी चालू इंजिनावर बघायची. पहिले दोन दिवस ती अडखळेल. घाबरायचं नाही, पुढे जायचं.

बाकीच्याचं उत्तर देता येत नाही. तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतोय.

चेंबर खोलू देऊ नकोस.

तुझा भाऊ


८ मार्च

ठोक्या,

हे नाव लिहून अकरा वर्षं झाली. दिसेल त्यावर हातोडी ठोकायचास म्हणून मीच ठेवलेलं, म्हणून आज मीच वापरते. राग आला तर येऊ दे.

गेल्या शनिवारी मन घट्ट करून गेले. गॅरेजवाल्याला तुझी पत्रं दाखवली, घरच्या गोष्टींवर हात धरून. त्याने मान डोलावत वाचलं आणि म्हणाला, “हा माणूस जाणता आहे. पण बाई, चेंबरच्या कडेने पाझरतंय. पॅकिंग बदलायला ते उतरवावं लागेल.” मी म्हटलं, भावाने सक्त मनाई केली आहे. तो म्हणाला, “का?” मी म्हटलं, उतरवा.

त्याने चेंबर खाली घेतलं आणि बराच वेळ त्यात बघत राहिला. मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, “कमाल आहे. ह्याच्या आत कंपनीचा एक चुंबक असतो, लोखंडाची भुकटी धरून ठेवायला. इथे दोन आहेत. आणि ही गाडी न उघडलेली नाही. कुणीतरी अगदी हलक्या हाताने उघडलेली आहे, प्रत्येक बोल्टवर खूण आहे.” त्याने दुसरा चुंबक फडक्याने पुसून माझ्या हातावर ठेवला.

बांगडीएवढा, काळा, आणि एका बाजूने टवका गेलेला.

बाबांच्या मोडक्या रेडिओच्या भोंग्यातला तो. आईच्या शिलाई यंत्राखाली पडलेल्या टाचण्या आपण त्याने उचलायचो. तो कुणाचा यावरून इतकी मारामारी व्हायची, की आईने पाळ्या लावून दिल्या होत्या, एक आठवडा तुझा, एक आठवडा माझा. टवका माझ्या हातून उडाला, मागच्या दगडी पायरीवर. तू दोन दिवस जेवला नव्हतास.

मी तिथेच टायरवर बसले. गॅरेजवाला पाणी घेऊन आला. तेल संपेपर्यंत गळू द्या म्हटलं आणि खणातली वही काढली. दोन लाख शहाऐंशीतून दोन लाख चव्वेचाळीस वजा केले. बेचाळीस.

मेळावा कुणाचा होता, ठोक्या?

चुंबक पुसून पुन्हा आत ठेवायला सांगितला. नवं तेल घातलं. दोन दिवस गाडी अडखळली, दोन दिवस मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटं दुखली. मंगळवारी सकाळी दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी गेली ते मला कळलंच नाही. सिग्नलला थांबले तेव्हा लक्षात आलं. मी हात लावला आणि ती चालते आहे.

आता लिही. काय वाटेल ते लिही, पण लिही.

ताई


१५ मार्च

ताई,

मेळावा माझा आणि भाऊजींचा.

ते पहिल्यांदा आले ते आई गेल्यावर सहा महिन्यांनी. एक अक्षर न कळवता गाडी सरळ रॅम्पवर घातली आणि म्हणाले, “तेल बदल.” मी विचारलं, ताईने पाठवलं? म्हणाले, “तिला कळलं तर ती गाडी काढून टाकेल आणि मागोमाग मलाही.” बोल्ट उघडला आणि आम्ही दोघं गाडीखाली उभे राहिलो. गिअरबॉक्सचं तेल सावकाश गळतं, त्याला घाई करता येत नाही. तेवढ्या वेळात ते तुझं सगळं सांगायचे. कुठलं पुस्तक बांधायला आलंय, त्याच्या पानांत काय सापडलं, तुझा गुडघा कसा आहे, चष्मा कपाळावर ठेवून तू घरभर कशी शोधतेस. मी काही विचारत नसे. आणि मी विचारेन म्हणून ते वाट बघत नसत. शेवटचा थेंब पडला तरी आम्ही थांबून राहायचो. गिऱ्हाइकासाठी मी इतका कधी थांबलो नाही.

चुंबक पहिल्याच खेपेला आत टाकला. त्यांना दाखवलासुद्धा नाही. भांडण झालं तेव्हा तो माझ्याकडे होता, आणि पाळी तुझी होती. दुसऱ्या कशाने तो तुझ्या घरी पोचवायचा ते सुचलं नाही. तू चेंबर खोलू नयेस असं वाटत होतं ते त्यासाठी. भाऊजींना शब्द दिला होता की तुला काही कळू देणार नाही. बेचाळीस हजार हातून लिहून गेलं. हिशेब डोक्यातच असतो माझ्या, दोन महिन्यांपासून म्हणत होतो, आता तेलाला आलं असेल.

आता तिसऱ्या प्रश्नाचं.

दुसऱ्या मेळाव्याला एक गिऱ्हाईक आलं होतं, भांडायला. तू हात लावलास म्हणून माझी गाडी गेली, वगैरे. मी त्याला नेहमीचं सांगितलं. तो गेल्यावर भाऊजी हात पुसत म्हणाले, “हे तू परक्याला इतकं नीट समजावतोस. हिला एकदा सांग की.” मी म्हटलं, सांगेन. तिसऱ्या खेपेला त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी ठरवलं होतं, चौथ्या खेपेला त्यांच्याबरोबर गाडीत बसून यायचं. ते गेले त्या दिवशी तुझ्या फाटकाशी आलो तेव्हा गाडी तिथेच उभी होती. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि तसाच परत फिरलो.

आई आधीच चालली होती, ताई. मला दिसत होतं. रोज माझ्या डोळ्यांसमोर ती दोन पायऱ्या चढून खाली बसत होती. मी हात लावू नका म्हणालो ते तिच्यासाठी नाही, मला भीती वाटत होती म्हणून. तू घाबरली नाहीस. ती गेली तेव्हा मला कुणावर तरी टाकायचं होतं, आणि समोर तू होतीस. जे मी आयुष्यभर कुणा गिऱ्हाइकाला म्हणू दिलं नाही, ते मी तुला म्हणालो.

तीन कागद फाडले. चौथ्यावर एवढंच लिहितो. तुझा हात वाईट नव्हता. माझं बोलणं वाईट होतं. चूक माझी होती.

ठोक्या


२३ मार्च

ठोक्या,

पत्र वाचून रडले. मग चष्मा शोधला. कपाळावर होता.

आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे. अकरा वर्षांचे साठलेत, पाकिटात मावणार नाहीत. घेऊन येईन.

मलाही एक सांगायचं आहे. हे मी तुझ्यापासून रागाने लपवलं, दुसरं कारण नाही. आईला मी नेलं नव्हतं. ती आली होती. तू वर्कशॉपात असताना तिनेच मला फोन केला आणि म्हणाली, “गाडी घेऊन ये. जपून जपून मला कंटाळा आलाय.” ह्याच गाडीत, पुढच्या सीटवर बसली, मागे बस म्हटलं तरी ऐकेना. वाटेत म्हणाली, “त्याला सांग, मी माझी आले. तो चिडेल, मग निवळेल.” मी सांगितलं नाही. तू मला ते बोललास आणि मी मनाशी म्हटलं, आता सांगणारच नाही, बस तसाच. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही, आणि मधल्या मधे हे दर चाळीस हजारांनी एकटे जात राहिले. किती दमले असतील रे.

उरलेलं जुनं तेल अजून आत आहे. पंधराशे किलोमीटर झाल्यावर दुसऱ्यांदा काढायचं, असं तूच लिहिलंस. मी मोजलं. रविवार सोडून रोजचे चाळीस धरून, आणि शेवटी तुझ्या घरापर्यंतचे तीनशे चाळीस धरून, ८ एप्रिलला तुझ्या दारात बरोबर पंधराशे होतात. गॅरेजवाल्याला सांगून ठेवलंय, ह्या खेपेला तुम्ही नाही. तो म्हणाला, त्यांना नमस्कार सांगा, आणि दोन चुंबकांची युक्ती मी उचलली म्हणावं.

पाळी आता तुझी आहे, पण चुंबक काढू नकोस. तिथेच राहू दे. गाडी येत-जात राहील.

ताई


२९ मार्च

ताई,

आईचा निरोप मिळाला. उशिरा मिळाला, पण मिळाला. परवापासून तुझी भावजय विचारतेय, एकटाच काय हसतोस.

रॅम्प धुऊन ठेवला आहे. निवृत्त झालो तेव्हा तो विकणार होतो, राहिला ते बरं झालं. तेल आणलंय, पॅकिंग आणलंय. खाली उभं राहायला त्रास नको म्हणून तुझ्यासाठी एक स्टूल करून घेतलंय, गुडघ्याच्या मापाचं. गळायला पाऊण तास लागेल. मी बोलणार नाही, तू सांग. मग मी विचारेन. ह्या वेळी विचारेन.

वही आठवणीने आण. नोंद भाऊजींच्या अक्षराखाली तू करायची. मेळावा, आणि पुढे किलोमीटर.

फाटक उघडंच असेल, सरळ आत घे. आल्या आल्या इंजिन बंद करू नकोस, पातळी चालू इंजिनावर बघतात हे मी लिहिलंच आहे. हॉर्न वाजवू नकोस, मला ऐकू येत नाही. लांबून हाका मारल्या तरी येत नाहीत. पण तो गिअरबॉक्स मला कोपऱ्यावरच्या वळणापासून ओळखू येतो. मी बाहेर येऊन उभा असेन.

ठोक्या